अकरा मार्चची लिफ्ट

अकरा मार्चला सकाळी सात वाजायच्या आत दाराची बेल वाजली, तेव्हा ती दात घासत होती. आरशातल्या स्वतःकडे बघून ती फेसाळ तोंडाने म्हणाली, "झालं सुरू!"

कोण आलंय हे बघायला दार उघडायची गरजच नव्हती. अकरा मार्च हा तिचा वाढदिवस, आणि या दिवशी तिला भेटायला म्हणून आजवर एकही माणूस आलेला नव्हता. येणारा प्रत्येक जण तिच्या बाबांना भेटायला यायचा.

त्याचं असं झालं होतं. तिचा जन्म झाला त्या वर्षी बाबा संसद भवनात लिफ्टमन होते. तेव्हा सरकार घंटावाल्यांचं होतं. घंटा ही त्यांची निवडणुकीची खूण, आणि विरोधकांची शिडी, म्हणून लोक त्यांना घंटावाले नि शिडीवाले असंच म्हणत. अकरा मार्चला सरकारवरच्या विश्वासाचं मतदान होतं. सगळं इतकं काठावर आलं होतं, की दोन्ही बाजूंनी आजारी खासदारांना खाटेवरून उचलून आणलं होतं. एक खासदार मात्र असा होता, की त्याला दोन्ही बाजू आपलाच धरून चालल्या होत्या. तो ऐनवेळी लंगडत आला, कारण त्याचा गुडघा सुजला होता, आणि बाबांच्या लिफ्टमध्ये शिरला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. वर सभागृहाची दारं लागली, मतदान झालं आणि एका मताने सरकार पडलं. त्याचं मत सरकारच्या पारड्यात पडलं असतं, तर बरोबरी झाली असती नि सभापतींच्या मताने सरकार तगलं असतं. बऱ्याच वेळाने लिफ्ट आपली आपण सुरू झाली आणि खासदार बाहेर आला तो दुसऱ्याच राजवटीत.

आणि त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या टोकाला, दवाखान्यात, ती जन्मली. बाबांच्या सोबत्यांनी तिचं नाव लगेच पाडलं, "बहुमत". शाळेत, कॉलेजात, लग्नाच्या नोंदणीला आलेल्या साक्षीदारांच्या तोंडीसुद्धा तेच. तिने चष्म्याचं दुकान काढलं तेव्हा एका शेजाऱ्याने विचारलंच, "पाटीवर काय, बहुमत चष्मेवाले?"

लिफ्ट का बंद पडली, यावर दोन चौकशी समित्या बसल्या. शिडीवाल्यांच्या समितीने म्हटलं, लिफ्टमनच्या सदसद्विवेकबुद्धीने राष्ट्र वाचलं. घंटावाल्यांच्या समितीने म्हटलं, लिफ्टमन फितूर होता. शिडीवाले सत्तेवर आले की बाबांच्या घराजवळच्या चौकाला 'अकरा मार्च चौक' नाव मिळायचं आणि घंटावाले आले की ते खरवडून टाकलं जायचं. एकदा दारावर कुणीतरी तांबड्या रंगात 'गद्दार' लिहून गेलं. पुढच्या निवडणुकीनंतर त्याच दारापाशी बँड लावून लोक बाबांना खांद्यावर घ्यायला आले. बाबांना तेव्हा कंबरदुखी होती.

आणि या सगळ्यांना बाबा एकच उत्तर द्यायचे. "लिफ्ट बंद पडली."

"म्हणजे तुम्ही बंद पाडलीत?"

"नाही हो. पडली. दर आठवड्याला पडायची."

पत्रकार हसायचे, डोळा मारायचे, वहीत काहीतरी भलतंच लिहायचे आणि जाता जाता टेबलावरचा केक खाऊन जायचे. सहाव्या वाढदिवसाला तिच्या वाट्याला फक्त मेणबत्त्या आल्या होत्या. ते ती विसरलेली नव्हती, आणि आज चाळिशी लागली तरी विसरायचा विचार नव्हता.

बेल पुन्हा वाजली.

दारात समारंभ समितीचे चिटणीस उभे होते. गुळगुळीत दाढी, चकचकीत बूट, आणि मागे कॅमेरा घेतलेला एक घामाघूम माणूस. शिडीवाल्यांच्या सरकारने यंदापासून अकरा मार्चची सार्वजनिक सुट्टी जाहीर केली होती. चौकात मोठा मांडव पडला होता आणि कर्णे आदल्या दिवसापासून "एक, दोन, तीन, ऐकू येतंय का" करून जीव खात होते.

"आजोबा तयार आहेत ना?" चिटणीसांनी आत डोकावत विचारलं. "गाडी खाली उभी आहे. त्यांनी काही करायचं नाही. फक्त व्यासपीठावर येऊन एक वाक्य म्हणायचं."

बाबा आतून सदरा घालत आले. वय झालं होतं, पण कुणी आलं की ते अजून गणवेशातल्यासारखे ताठ उभे राहायचे. "कोणतं वाक्य?"

"'माझ्या मनाने कौल दिला आणि मी लिफ्ट थांबवली.' बास, एवढंच."

"पण ती बंद पडली."

चिटणीसांनी डोळे मिटले आणि उघडले. "आजोबा, तुम्हाला कळत कसं नाही? नुसती बंद पडली म्हटलं तर सुट्टी कशाची द्यायची? शाळा बंद, बँका बंद, एवढा मांडव... लिफ्ट नादुरुस्त होती म्हणून?"

"नादुरुस्तच होती. मी तीन अर्ज दिले होते."

"ते अर्ज राहू द्या हो!"

तिचं डोकं तडकलं. "अहो, चाळीस वर्षं माणूस एकच गोष्ट सांगतोय. तुम्हाला ऐकायचीच नसेल तर दरसाल विचारायला कशाला येता? घरचं काही काम नाही का तुम्हाला?"

"ताई, हा इतिहासाचा प्रश्न आहे."

"इतिहासाचा असेल तर इतिहासाला विचारा. आमच्या घराची बेल कशाला वाजवता?"

चिटणीस अजून काही म्हणणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. घंटावाल्यांचे तीन कार्यकर्ते काळ्या फिती लावून वर येत होते. त्यांना बाबांकडून कबुली हवी होती, की आपल्याला शिडीवाल्यांनी फितवलं. दोन्ही पक्ष जिन्यातच एकमेकांना भिडले. कोण आधी आलं यावरून वाद सुरू झाला. ती संधी साधून तिने बाबांच्या हातात चपला कोंबल्या, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने त्यांना खाली उतरवलं आणि गल्लीबोळांतून थेट दुकानात आणलं.

शटर तिने अर्ध्यावरच ठेवलं. सुट्टी असो नसो, दोन ग्राहकांच्या काचा घासून द्यायच्या होत्या. बाबांना मागच्या खोलीत स्टुलावर बसवून ती म्हणाली, "इथून हलायचं नाही. शिंकायचंसुद्धा नाही."

"मी काय चोर आहे?"

"चोर असतात ना, त्यांच्या नावाने निदान सुट्टी नसते जाहीर होत."

बाबांनी चपला काढून स्टुलाखाली सरकवल्या. तिला लगेच वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचा राग आला. खरं तर तिचा राग नुसत्या पत्रकारांवर कधीच नव्हता. आई चार वर्षांपूर्वी गेली. ती असेपर्यंत दर अकरा मार्चला, लोकांची वर्दळ संपली की ती भांडी आदळत म्हणायची, "मी तिकडे कळा देत होते नि हे इकडे राजकारणात. निरोप मिळाला होता ह्यांना! तरी म्हणे लिफ्टची एक फेरी मारून येतो." बाबा त्यावरही काही बोलायचे नाहीत. मग लेकीनेही कधी विचारलं नाही. विचारून काय मिळणार? "लिफ्ट बंद पडली."

काउंटरमागचं यंत्र लावून ती एका काचेची कड घासत होती, तेवढ्यात शटरखालून एक काठी आत आली, तिच्यामागे एक टक्कल आणि मग कुरकुरत, वाकत, अख्खा म्हातारा.

"उघडं आहे ना? अख्ख्या शहरात हे एकच अर्धं उघडं दुकान! ही कसली सुट्टी काढली गाढवांनी." त्याने हातातल्या रुमालाची पुरचुंडी काउंटरवर उलगडली. आत चष्मा होता. एक काडी बिजागरीपासून निखळलेली, नाकावरची गादी बेपत्ता. "गाडीत यावर बसलो. मला आत्ता भाषण वाचायचंय नि चाळिशीशिवाय मला स्वतःचा हातही दिसत नाही."

तिने वर बघितलं आणि चष्मा उचलायला गेलेला तिचा हात तसाच राहिला. हा चेहरा तिने दर वर्षी वर्तमानपत्रात बघितला होता. पूर्वी काळ्या केसांचा, मग पांढऱ्या, आता केसच नाहीत. अडकलेले खासदार! दोन्ही पक्ष त्यांना आलटून पालटून बोलवायचे. शिडीवाल्यांच्या मंचावर ते म्हणायचे, मी सरकारविरुद्धच मत देणार होतो. घंटावाल्यांच्या मंचावर म्हणायचे, मी सरकारच्याच बाजूने होतो, पण हाय रे दैवा.

मागच्या खोलीत स्टूल कुरकुरलं. ती मोठ्याने खोकली.

"बसा," ती म्हणाली आणि बारीक पेचकस शोधू लागली. बिजागरीचा स्क्रू वाकला होता. तो चिमट्याने काढताना तिला राहवेना. "एक विचारू? तुम्ही मत कुणाला देणार होतात?"

म्हातारा वैतागून हसला. "तूसुद्धा? चष्म्याच्या दुकानातही सुटका नाही?"

"मला ऐकायचंय. एकदा. आज माझा वाढदिवस आहे, तेवढी भेट समजा."

त्याने तिच्या आवाजाच्या दिशेने डोळे बारीक केले. चष्मा नसल्यामुळे त्याला ती नुसती धूसर दिसत असणार. कदाचित म्हणूनच तो बोलला.

"ठरलंच नव्हतं माझं," तो म्हणाला. "दोन्हीकडे हो म्हणून बसलो होतो. लिफ्ट वर पोचेपर्यंत ठरवू म्हटलं. ती पोचलीच नाही. आत अडकलो तेव्हा खरं सांगू का, मला हायसं वाटलं. आणि लगेच त्या लिफ्टवाल्याने मला असं काही फैलावर घेतलं, की आयुष्यात तसं कुणी घेतलं नाही."

"म्हणजे?"

"त्याची बायको बाळंत होत होती ना! नुकताच निरोप आला होता. तो निघालाच होता. मीच त्याला अडवलं. गुडघा दुखतोय, एवढं वर सोड नि मग जा, म्हटलं. मध्येच लटकलो तसा त्याने आकांत मांडला. घंटा दाबली, ती वाजेना. मग डब्याने दार बडवायला लागला. डबा चेपून पार ताटली झाला त्याचा. पण वर सभागृहात सगळे बाकं बडवत होते, खाली हा दार बडवत होता. कुणाला काय कळणार? मग मला भिंतीशी ओणवा उभा केला नि माझ्या पाठीवर चढून छताची झडप उघडायला गेला. बूट घालून!"

"बूट काढले होते!" मागच्या खोलीतून आवाज आला.

म्हातारा काठीवर हात ठेवून अर्धवट उठला. बाबा दारात आले होते, रागाने लाल.

"बूट काढले होते मी. मोज्यांनी चढलो. एवढं तरी खरं सांगा."

"मोजे? माझ्या पाठीला आठवडाभर वळ होते!"

"ते तुम्ही हलत होता म्हणून. सारखे हलत होता. स्थिर उभे राहिला असता, तर झडप निघाली असती."

"ती रंगाने चिकटली होती! तूच म्हणालास, कालच रंग दिलाय म्हणून."

"मी म्हणालो, पण तुम्ही जिन्याने गेला असता तर हा प्रश्नच आला नसता. दोन मजले! माणसं सुजलेल्या गुडघ्याने डोंगर चढतात."

"आणि तुझा डबा फुटल्यावर माझ्या कोटावर सांडलेलं कालवण?"

दोघंही धापा टाकायला लागले. चाळीस वर्षांत ते एकमेकांना भेटले नव्हते. भेटले असते तर संगनमत सिद्ध झालं असतं, असं दोन्ही पक्षांच्या वकिलांनी त्यांना बजावून ठेवलं होतं. त्यामुळे भांडण जसंच्या तसं ताजं राहिलं होतं. ती हातात पेचकस घेऊन मध्ये उभी होती.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही मला हे कधी सांगितलं नाहीत."

"काय सांगायचं?"

"हेच. डबा, झडप. यायची धडपड केलीत ते."

बाबा चिडलेलेच होते. "विचारलं कुणी? सगळ्यांचा एकच प्रश्न, लिफ्ट कुणी बंद पाडली. मला काय वाटलं, असं एका तरी माणसाने विचारलं का? समितीपुढे सांगायला गेलो, तर म्हणाले, कौटुंबिक बाब आहे, कामकाजातून काढून टाका."

"आणि आईला?"

"तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. ती म्हणाली, लोकांना सांगाल तेच मला सांगताय." त्यांनी खिशातून रुमाल काढून उगाच कपाळ पुसलं. "घसा इतका बसला होता माझा, की सांगतानाही धड आवाज फुटत नव्हता. तिला वाटलं, घोषणा देऊन बसला."

ती चष्म्याकडे वळली. नवा स्क्रू घालून तिने काडी बसवली, नाकावरची गादी लावली, काचा पुसल्या आणि चष्मा म्हाताऱ्याच्या कानांवर स्वतः चढवून बघितला. डावी काडी किंचित वर होती, ती वाकवून नीट केली.

"दिसतंय?"

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "हीच का ती?"

"हीच," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुझ्यापायी माझी पाठ गेली तर." त्याने खिशातून भाषणाचा कागद काढून वाचला आणि त्याचा चेहरा आंबट झाला. "'त्या दिवशी माझ्या सहकारी लिफ्टमनशी झालेल्या वैचारिक संवादानंतर...' हे कोणी लिहिलंय? वैचारिक संवाद! हा मला गाढव म्हणाला होता."

"दोनदा," बाबा म्हणाले.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजत होता. चालक शटरखालून ओरडला, की मंत्री येऊन बसलेत. म्हातारा पैसे काढू लागला, ते तिने घेतले नाहीत. "एवढंच करा," ती म्हणाली, "आत्ता मला सांगितलंत ते तिकडे सांगा. पुढच्या वर्षी तरी आमची बेल वाजणार नाही."

"वाजेल गं," तो वाकून बाहेर पडत म्हणाला. "तू या लोकांना ओळखत नाहीस."

चौकातले कर्णे दुकानापर्यंत स्पष्ट ऐकू येत होते. आधी बँड झाला, मग मंत्र्यांचं भाषण, ज्यात न आलेल्या बाबांच्या प्रकृतीला आराम पडो अशी सदिच्छा होती. मग म्हाताऱ्याचा किरटा आवाज आला.

"मी कुणाला मत देणार होतो, ते मला ठरवता आलं नाही. आजही सांगता येणार नाही. लिफ्ट बिघडली होती. त्या लिफ्टवाल्याला घरी जायचं होतं नि मी त्याला जाऊ दिलं नाही, एवढीच माझी त्या दिवसाची..."

कर्णा खरखरला. मग बँड सुरू झाला, तो बराच वेळ थांबेना.

दुपारपर्यंत दोन्ही बाजूंची पत्रकं निघाली. शिडीवाल्यांनी म्हटलं, ज्येष्ठ नेत्यांच्या वयाचा मान राखून आम्ही या विधानाकडे दुर्लक्ष करतो. घंटावाल्यांनी म्हटलं, म्हातारपणातही त्यांच्यावर दबाव आणला जातोय याचा हा पुरावा आहे. सुट्टी कायम राहिली. तिसऱ्या चौकशी समितीची मागणी दोघांनीही केली, आणि गेल्या कित्येक वर्षांत या दोन पक्षांचं एकमत झालेली ही एकच गोष्ट होती.

"बघा!" ती रेडिओ बंद करत म्हणाली. "बघा यांचं! माणूस तोंडाने सांगतोय, तरी नाही."

"तू उगाच तापतेस," बाबा म्हणाले. सकाळच्या भांडणानंतर ते कमालीचे खुशीत होते. ग्राहकांच्या दोन्ही काचा होईपर्यंत ते स्टुलावर बसून शीळ घालत होते.

चार वाजता तिने शटर ओढलं. नवरा रेल्वेत तिकीट तपासनीस, सुट्टीच्या दिवशी हमखास कामावर. केक घेऊन आठपर्यंत येतो म्हणाला होता. चौकाकडचा रस्ता मिरवणुकीसाठी बंद केलेला, म्हणून दोघं मागच्या गल्लीने चालत निघाले. रस्त्यात कागदी झेंडे पडले होते आणि एक सफाईवाली ते शिव्या देत गोळा करत होती. सुट्टीच्या दिवशी तिला मुद्दाम बोलावलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवसाचं सांगा. लिफ्टचं नको. लिफ्ट सुरू झाल्यानंतरचं."

"मग काय, पळत सुटलो. बस मिळेना, सगळे रस्त्यावर. दवाखान्यात पोचलो तर नर्स आत सोडेना. माझे हात तेलाने नि रंगाने बरबटलेले, त्यात ते कालवण. म्हणाली, आधी हात धुवा, मग मुलीला हात लावा. साबण संपला होता. मी मातीने धुतले."

"मातीने?"

"कुंडीतल्या. तीन वेळा धुतले, तेव्हा कुठे तिने दिलं तुला." ते थांबले, श्वास घेतला आणि पुढे चालू लागले. "बाहेर फटाके उडायला लागले होते. नर्सने विचारलं, काय हो, कसला गोंधळ आहे एवढा?"

"मग? तुम्ही काय सांगितलंत?"

"म्हटलं, मला काय माहीत. कुणाचं काहीतरी पडलं असेल."

तिला हसू आलं, मग हसू आवरेना, आणि गल्लीच्या मध्यातच ती कठडा धरून उभी राहिली. बाबा आधी गोंधळून बघत राहिले. मग काळजीच्या सुरात म्हणाले, "अगं, लोक बघतायत," आणि तिचा दंड धरून तिला कडेला घेतलं, कारण मागून मिरवणुकीतून परतणारा बँडवाल्यांचा टेम्पो हॉर्न वाजवत येत होता.